सही कंपनीची, सत्ता लंडनची: पर्शियातल्या तेलाच्या मक्त्याची गोष्ट

होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव बातम्यांत आलं की आपल्याकडे पहिली चर्चा पेट्रोलच्या दराची होते. इराणमध्ये अशा वेळी जुनी सालं निघतात: १९०१, १९३३, १९५१, १९५३. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका तेल कंपनीबद्दल तिथली माणसं आजही घरच्या वाटणीबद्दल बोलावं तशी बोलतात. ती कंपनी म्हणजे अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी, आजची ‘बीपी’.

हे प्रकरण वाचायला घेतलं की बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. कंपनी खासगी होती की सरकारी? करार कुणी केला होता, एका धनिकाने की ब्रिटिश साम्राज्याने? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते तसं देता येऊ नये यातच लंडनचं बळ होतं, असं मला वाटतं. कसं, ते पायापासून पाहू.

सवलत नव्हे, मक्ता

आपल्याकडे ‘कन्सेशन’ म्हटलं की कॉलेजच्या खिडकीवर मिळणारा रेल्वे पासाचा फॉर्म आठवतो. तेलाच्या धंद्यातलं कन्सेशन वेगळं. देशाचं सरकार कंपनीला म्हणतं, ‘या एवढ्या मुलखात तेल शोधा, काढा, विका. इतकी वर्षं दुसऱ्या कुणाला इथे येऊ देणार नाही. त्याबदल्यात आम्हाला इतकं द्या.’ मराठीत याला नेमका शब्द आहे, मक्ता. तोही आपल्याकडे फारसीच्या वाटेनेच आला. पुढे मी तोच वापरणार आहे.

कोकणातल्या आंब्याच्या बागेवरून हे चटकन कळेल. बाग मालकाची. पण फवारणी, राखण, तोडणी, पेट्या भरून वाशीला पाठवणं त्याला झेपत नाही, म्हणून तो बाग कराराने व्यापाऱ्याला देतो. जमीन आणि कलमं मालकाचीच राहतात; ठरलेल्या मुदतीपुरता फळावर हक्क व्यापाऱ्याचा. असा करार वाचताना चार गोष्टी बघायच्या. बाग केवढी दिली, किती वर्षांसाठी दिली, पैसे कशावर मोजायचे, आणि वाद झाला तर निवाडा कोण करणार. इराणचं दुखणं या चारही ठिकाणी आहे.

चार महाराष्ट्रांएवढी बाग

विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रजाने ऑस्ट्रेलियात माउंट मॉर्गनच्या सोन्याच्या खाणीतून अमाप पैसा मिळवला होता. २८ मे १९०१ रोजी पर्शियाचे शाह मुझफ्फरुद्दीन यांनी त्याला तेलाचा मक्ता दिला. (पर्शिया म्हणजेच इराण, तेव्हा बाहेरच्या जगात हे नाव चालत असे.) मुदत ६० वर्षं. मोबदला २०,००० पौंड रोख, २०,००० पौंडांचे शेअर आणि दर वर्षी निव्वळ नफ्याचे १६ टक्के. क्षेत्र सुमारे ४,८०,००० चौरस मैल, म्हणजे चार महाराष्ट्र मावतील एवढं. डार्सी स्वतः पर्शियात कधीही गेला नाही.

कागदावर हा एका माणसाचा खासगी व्यवहार होता. पण रशियाला लागून असलेले उत्तरेचे पाच प्रांत मक्त्यातून वगळले होते, कारण रशियाला दुखवायचं नव्हतं. आणि तेहरानमधले ब्रिटिश राजदूत आर्थर हार्डिंग डार्सीच्या बाजूने दरबारात वजन टाकत होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून या व्यापारी कागदाची हद्द साम्राज्यांच्या हिशेबाने आखली गेली होती.

तेल लवकर लागलं नाही. जॉर्ज रेनॉल्ड्स हा खोदकाम करणारा इंजिनिअर हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेला. त्याने पश्चिम सरहद्दीवर चिया सुर्ख इथे खोदलं, पण धंदा होण्याजोगं तेल निघालं नाही. डार्सीचे पैसे संपत आले. तो मक्ता परक्यांच्या हाती जाईल या भीतीने ब्रिटिश आरमारानेच हालचाल केली आणि १९०५ मध्ये ग्लासगोची बर्मा ऑइल कंपनी मदतीला आली. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. २६ मे १९०८ च्या पहाटे मस्जिद-ए-सुलेमान इथे १,१८० फुटांवर तेल लागलं. त्या वेळी विहिरीच्या राखणीला हिंदुस्थानी घोडदळाची छोटी तुकडी होती. १४ एप्रिल १९०९ रोजी अँग्लो-पर्शियन कंपनी स्थापन झाली.

आरमाराला तेल कशाला हवं होतं?

ब्रिटनकडे कोळसा भरपूर, वेल्सचा तर जगात उत्तम. तरीही १९११ मध्ये आरमाराचे मंत्री झालेल्या विन्स्टन चर्चिलनी मोठ्या युद्धनौका तेलावर चालवायचं ठरवलं. तेलावरचं जहाज जास्त वेगाने जातं, भर समुद्रात इंधन भरून घेऊ शकतं आणि भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारी माणसं त्याला लागत नाहीत. जर्मनीशी चढाओढ चालू असताना हे फायदे सोडणं शक्य नव्हतं. अडचण एकच. कोळसा घरचा होता, तेल परक्याच्या जमिनीत.

त्यासाठी तीन रस्ते होते. बाजारातून विकत घ्यायचं, तर मोठ्या तेल कंपन्या भाव ठरवणार. दीर्घ मुदतीचा करार करायचा, तर विकणारी कंपनीच उद्या दुसऱ्याने गिळली तर काय? तिसरा रस्ता, विहिरीचेच मालक व्हायचं. ॲडमिरल स्लेड यांच्या पथकाने १९१३-१४ च्या हिवाळ्यात तेलक्षेत्र पाहून अनुकूल अहवाल दिला, आणि ब्रिटिश सरकारने तिसरा रस्ता धरला.

१९१४ चा व्यवहार: दोन संचालक आणि एक पत्र

२० मे १९१४ च्या कराराने ब्रिटिश सरकारने कंपनीत २२ लाख पौंड घातले आणि निम्म्याहून जास्त मालकी मिळवली. १७ जूनला पार्लमेंटमध्ये २५४ विरुद्ध १८ मतांनी मंजुरी मिळाली. १० ऑगस्टला कायद्यावर राजाची मोहोर उठली, तेव्हा ब्रिटन महायुद्धात उतरून आठवडाही झाला नव्हता. याच्या जोडीला आरमाराला २० वर्षं इंधन पुरवण्याचा वेगळा करार झाला. त्यातला भाव गुप्त ठेवला होता.

यातलं नियंत्रण समजण्यासाठी आपल्याकडचा सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. राज्य सरकार भागभांडवल देतं आणि संचालक मंडळावर आपला माणूस पाठवतं. रोजचा कारभार चेअरमन आणि कार्यकारी संचालक बघतात. सरकारचा माणूस गप्प बसून असतो. पण तो तिथे आहे हे विसरून कुणी ठराव करत नाही. इथे सरकारचे दोन संचालक होते. पहिले दोघे म्हणजे तेच ॲडमिरल स्लेड आणि लॉर्ड इंचकेप. इंचकेपच्या ‘ब्रिटिश इंडिया’ कंपनीच्या आगबोटी मुंबई बंदराला चांगल्या परिचयाच्या. या दोघांना नकाराधिकार होता, म्हणजे मंडळाचा कोणताही ठराव ते अडवू शकत.

कराराच्याच दिवशी, २० मेला, ट्रेझरीचे, म्हणजे ब्रिटिश अर्थखात्याचे, अधिकारी जॉन ब्रॅडबरी यांनी कंपनीला एक पत्र दिलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद मी यालाच मानतो. त्याचा आशय असा: रोजच्या व्यापारी कामात सरकार हात घालणार नाही. परराष्ट्र, आरमारी किंवा लष्करी धोरणाशी संबंध येणाऱ्या गोष्टी, कंपनी विकण्याचा किंवा तिचं स्वरूप बदलण्याचा प्रश्न, नव्या ठिकाणी तेल काढणं, परदेशी गिऱ्हाइकांना इंधन विकणं, अशा मोजक्या बाबींतच नकाराधिकार वापरला जाईल.

पत्र वाचून कंपनीला आणि तिच्या भागधारकांना दिलासा मिळाला. पण यात दोनच पक्ष आहेत, ब्रिटिश सरकार आणि ब्रिटिश कंपनी. ज्याची बाग आहे तो कुठेच नाही. आपल्या मक्तेदाराचा मोठा भागीदार आता एक परकं साम्राज्य झालं आहे, यावर पर्शियाची संमती कुणी मागितली नाही. आंब्याची बाग तुम्ही एका व्यापाऱ्याला दिलीत आणि काही वर्षांनी कळलं की त्याच्या धंद्यात निम्म्याहून जास्त हिस्सा तालुक्याच्या फौजदाराने घेतलाय. करारातला एक शब्दही बदललेला नाही. पण आता तुम्ही हिशेब मागायला गेलात तर आधीसारखे जाऊ शकाल का?

‘नकाराधिकार वापरलाच नाही, मग नियंत्रण कसलं?’

कंपनीची बाजू मांडणारे नेहमी हा मुद्दा काढतात आणि तो खोटा नाही. नकाराधिकार औपचारिकपणे वापरायची वेळ जवळजवळ आलीच नाही. कंपनीचे अधिकारी अनेकदा सरकारवर चिडलेले असत, सरकारही त्यांच्या हट्टाला वैतागलेलं असे. १९२३ च्या सुमारास तर सरकारने आपला हिस्सा विकावा अशी खटपट झाली. १९२४ मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने ती नाकारली.

पण नियंत्रण फक्त संचालक मंडळाच्या टेबलावर शोधलं तर सापडणार नाही. ते मक्त्याच्या भोवती होतं.

पर्शियन आखाताच्या काठावर बुशहर इथे ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे साम्राज्याचा राजकीय प्रतिनिधी, असे. ही रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई इलाख्याच्या सरकारच्या हाताखाली होती, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. १९०९ मध्ये रिफायनरीसाठी अबादान बेटावर जागा हवी होती. तो मुलूख मोहम्मेराच्या शेख खझलच्या ताब्यात. शेख हा नावाला पर्शियाचा प्रजाजन. त्याच्याशी बोलणी कुणी केली? कंपनीच्या माणसाने नव्हे, रेसिडेंट पर्सी कॉक्स यांनी. जागेचं भाडं ठरलं वर्षाला ६५० पौंड, आणि शेखला वरून ब्रिटिश संरक्षणाचा शब्द मिळाला. डोंगरातल्या बख्तियारी खानांशीही १९०५ मध्ये वेगळा करार झाला होता, हिस्सा आणि राखणीचे पैसे देऊन. तेहरानचं सरकार बाजूला राहिलं आणि कंपनीने थेट त्याच्या सरदारांशी सोयरीक जोडली, ती ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने. भाऊबंदकी असलेल्या घरात मोठ्या भावाला वगळून धाकट्यांकडून परस्पर कागद करून घ्यावेत, तसंच.

मग युद्ध. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड निघाली. ११७ वी मराठा पलटण त्यात होती. ६ नोव्हेंबरला ही फौज शत अल-अरब नदीच्या मुखाशी फाव इथे उतरली. अबादानची रिफायनरी आणि तेलाची वाट सुरक्षित ठेवणं हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक. तेल हे एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही, आखातातली ब्रिटिशांची पत सांभाळणं हेही होतंच. फेब्रुवारी १९१५ मध्ये टोळ्यांनी अबादानला तेल नेणारा नळ तोडला आणि कित्येक महिने तेल अडलं. पुढे हीच पुणे डिव्हिजन बगदादच्या दिशेने ढकलली गेली, आजच्या इराकमधल्या कूत इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी अवस्थेत शरण गेली. सुमारे १३,००० माणसं कैदेत पडली. त्यांत मराठा पलटणींचे जवान होते, सातारा-रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची मुलं. तिथून पुढच्या पायपिटीत आणि तुर्कांच्या छावण्यांत हजारो मेले. त्यांतल्या कुणाच्याही नावावर या कंपनीचा एक शेअर नव्हता.

अबादानच्या रिफायनरीत सुरुवातीच्या काळात कुशल कामगारांमध्येही हिंदुस्थानी मोठ्या संख्येने होते. पगार आणि राहण्याची हलाखी यांवरून त्यांनी १९२० आणि १९२२ मध्ये संप केले. म्हणून मी म्हणतो, नकाराधिकार वापरायची गरज पडत नव्हती. रेसिडेंट, गनबोटी, फौज आणि मजूर हे सगळं साम्राज्य पुरवत होतं आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडत होता. तेव्हा कंपनीने साम्राज्याच्या मनाविरुद्ध वागावं कशाला?

निव्वळ नफा म्हणजे नेमकं काय?

आता चार प्रश्नांपैकी तिसरा, पैसे कशावर मोजायचे. ‘निव्वळ नफ्याचे १६ टक्के’ हे ऐकायला बरं वाटतं. पण निव्वळ नफा म्हणजे खर्च वजा जाता उरलेला पैसा, आणि खर्च लिहिणारा हात कंपनीचा.

पुन्हा बागेत जाऊ. व्यापारी म्हणतो, ‘आंबा विकून जे उरेल त्यातले शंभराला सोळा तुमचे.’ तो आंबा नेतो तो आपल्याच मोठ्या भागीदाराच्या खानावळीत, आणि तिथला भाव मालकाला सांगत नाही. पेट्यांची ने-आण करणारा ट्रक व्यापाऱ्याच्याच दुसऱ्या फर्मचा. त्या फर्मचा नफा हिशेबात धरायचा नाही म्हणतो. वर्षअखेर कागद येतो आणि त्यावर एक आकडा असतो. भांडणार कशावर?

पर्शियात हेच झालं. ब्रिटिश सरकार कंपनीचं मालकही होतं आणि आरमाराच्या रूपाने गिऱ्हाईकही. आरमाराला स्वस्तात तेल मिळालं की ब्रिटिश करदात्याचा फायदा, पण कंपनीचा नफा कमी आणि म्हणून पर्शियाचे १६ टक्केही कमी. परदेशातल्या उपकंपन्यांचा नफा मोजायचा की नाही, जहाजांचा मोजायचा की नाही, यावर वाद झाला. तोडलेल्या नळाची भरपाई मागत कंपनीने पर्शियाचे पैसेही अडवून ठेवले. १९२० मध्ये हे मिटवायला पर्शियाच्या वतीने कंपनीशी बोलणी करायला बसले सिडनी आर्मिटेज-स्मिथ. हे गृहस्थ ब्रिटिश ट्रेझरीचे अधिकारी, त्याच सुमारास पर्शियाचे आर्थिक सल्लागार नेमलेले. ब्रिटिश ट्रेझरीच्या हिश्श्याच्या कंपनीपुढे पर्शियाचा वकील म्हणून ट्रेझरीचाच माणूस! त्याने पर्शियासाठी काही गोष्टी मिळवल्याही, पण तेहरानमध्ये त्या कराराला कुणी मनापासून आपला मानला नाही, यात नवल नाही.

१९३० मध्ये पर्शियाला सुमारे १२ लाख ८८ हजार पौंड मिळाले. जागतिक मंदी आली आणि १९३१ चा आकडा आला सुमारे ३ लाख ७ हजार. एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून कमी. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याचं उसाचं पेमेंट एकदम पाव झालं तर काय होईल, याची कल्पना करा. पर्शियाचे तेव्हाचे राजे रेझा शाह यांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये मक्ता रद्द केला.

कधी मालक, कधी पालक

मक्ता रद्द होताच ब्रिटिश सरकार राष्ट्रसंघात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत, गेलं. कोणत्या नात्याने? ‘आमच्या एका नागरिक कंपनीवर अन्याय झालाय, तिचं रक्षण करणं हा आमचा हक्क.’ स्वतःच निम्म्याहून जास्त मालक असलेलं सरकार इथे पालकाच्या भूमिकेत उभं राहिलं. दबावाखाली तडजोड झाली आणि २९ एप्रिल १९३३ रोजी नवा करार आला. मुलूख १,००,००० चौरस मैलांवर आला. दर टनाला चार शिलिंग रॉयल्टी, एका मर्यादेवरच्या लाभांशाचा पाचवा हिस्सा, वर्षाला किमान साडेसात लाख पौंडांची हमी. हे सगळं आधीपेक्षा बरं होतं. पण १९६१ ला संपणारी मुदत थेट १९९३ पर्यंत गेली. ज्या अर्थमंत्र्यांनी सही केली त्या तकीझादे यांनी १९४९ मध्ये मजलिसमध्ये सांगितलं की मी तेव्हा फक्त एक हत्यार होतो. मजलिस म्हणजे इराणची संसद. हे विधान तिथे चांगलंच गाजलं.

नव्या कराराने निव्वळ नफ्याचा घोळ संपवला खरा, पण दुसरा आणला. इराणची कमाई आता लाभांशाला बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची परिस्थिती ओढगस्तीची होती, म्हणून तिथल्या सरकारने कंपन्यांना लाभांश आवरता घ्यायला लावला. हा निर्णय लंडनमध्ये, ब्रिटिश कामगार आणि ब्रिटिश महागाई डोळ्यांपुढे ठेवून झाला. फटका मात्र इराणच्या अंदाजपत्रकाला बसला. त्यातच याच काळात कंपनी ब्रिटिश सरकारला करापोटी जे देत होती ते इराणला मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होतं. म्हणजे लंडनचं सरकार एकाच तेलातून तीन वाटांनी घेत होतं: भागधारक म्हणून लाभांश, सरकार म्हणून कर, आणि आरमार म्हणून स्वस्त इंधन. डिसेंबर १९५० मध्ये शेजारच्या सौदी अरेबियाने अमेरिकन कंपनीकडून निम्मा-निम्मा नफा मिळवला, तेव्हा इराणमध्ये संताप उसळला तो यामुळे.

मध्ये १९४१ साल येऊन गेलं होतं. ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाच्या फौजा इराणमध्ये शिरल्या आणि रेझा शाह यांना गादी सोडावी लागली. त्यांना घेऊन आगबोट मुंबईच्या समुद्रात आली. हिंदुस्थानात राहायला मिळेल अशी त्यांची समजूत होती, पण किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. दुसऱ्या बोटीवर चढवून त्यांना मॉरिशसला पाठवलं गेलं.

‘पण इराणकडे पैसा आणि ज्ञान होतं कुठे?’

नव्हतं. हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. सात वर्षं डार्सीने आणि बर्मा ऑइलने पैसा पणाला लावला तेव्हा यश मिळेल याची काहीच शाश्वती नव्हती. जोखीम घेणाऱ्याला मोठा परतावा मिळावा यात गैर काही नाही. माझा आक्षेप नफ्याला नाही. जोखीम संपल्यावर, तेल धो धो वाहू लागल्यावरही अटी बदलून मागण्याची ताकद एकाच बाजूकडे का राहिली, हा प्रश्न आहे. खासगी कंपनी आडमुठी झाली तर देश दुसऱ्या कंपनीला बोलावू शकतो. कंपनीमागे आरमार उभं असेल तर ते दारच बंद होतं.

‘करार म्हणजे करार, तो मोडणं चूक’ हाही आक्षेप वजनदार आहे. मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, म्हणजे तो धंदा देशाच्या मालकीचा केला. एप्रिलअखेर मोहम्मद मोसादेघ पंतप्रधान झाले. पण राष्ट्रीयीकरणाच्या अंमलबजावणीच्या कायद्यात भरपाई नाकारलेली नव्हती. कंपनीच्या दाव्यांसाठी तेलाच्या निव्वळ उत्पन्नातले २५ टक्क्यांपर्यंत पैसे बाजूला ठेवण्याची तरतूद होती. आणि त्याच काळात ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने स्वतःच्या देशात कोळशाच्या खाणी, रेल्वे आणि पोलाद सरकारजमा केलं होतं. लंडनला राष्ट्रीयीकरण ही कल्पना परकी नव्हती.

हेगच्या कोर्टात

चौथा प्रश्न, निवाडा कोण करणार. ब्रिटन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. तिथे इराणविरुद्ध खटला चालायचा तर वाद दोन देशांतल्या तहाबद्दल असावा लागत होता. म्हणून ब्रिटनने मांडलं की १९३३ चा करार दुहेरी आहे: तो कंपनीचा मक्ता आहे आणि राष्ट्रसंघात मिटलेल्या वादातून आल्यामुळे दोन सरकारांमधला तहसुद्धा आहे.

मोसादेघ स्वतः हेगला गेले. २२ जुलै १९५२ रोजी ९ विरुद्ध ५ मतांनी निकाल लागला: हा करार म्हणजे एक सरकार आणि एक परदेशी कंपनी यांच्यातला मक्ता, त्यापलीकडे काही नाही. ब्रिटिश सरकार त्यात पक्षकारच नाही, त्यामुळे या न्यायालयाला अधिकार नाही. बहुमताच्या बाजूने मत देणाऱ्यांत ब्रिटिश न्यायाधीश अरनॉल्ड मॅकनेअर होते. स्वतःच्या देशाविरुद्ध कायदा सांगणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

निकालाचा अर्थ नीट लक्षात घ्या. अडतीस वर्षं ‘आम्ही फक्त भागधारक, करार कंपनीचा’ या आडोशाला राहून लंडनने फायदा घेतला होता. तोच आडोसा आता त्याच्या आड आला.

पण कोर्टात हरलेल्याकडे दुसरे उपाय होते. इराणी तेल नेणाऱ्या जहाजांची अडवणूक झाली, मोठ्या कंपन्यांनी खरेदी थांबवली, इराणची तिजोरी आटली. १९ ऑगस्ट १९५३ रोजी ब्रिटिश आणि अमेरिकन गुप्तहेर यंत्रणांच्या मदतीने मोसादेघ यांना उलथवलं गेलं. १९५४ मध्ये नवी मांडणी झाली. तेल नावापुरतं इराणचं, कारभार परदेशी कंपन्यांच्या गटाकडे, नफा निम्मा-निम्मा. त्या गटात जुन्या कंपनीचा वाटा ४० टक्के, अमेरिकनांचा ४०, शेलचा १४ आणि फ्रेंचांचा ६.

मुंबईतल्या माहुलपर्यंत

अबादान बंद पडल्याचा धक्का आपल्याकडेही बसला, कारण भारतात येणारं शुद्ध केलेलं तेल मोठ्या प्रमाणात तिथूनच येत असे. १९५१ मध्येच भारत सरकारने परदेशी कंपन्यांशी इथे रिफायनऱ्या उभारायचे करार केले. त्यांतली बर्मा-शेलची रिफायनरी १९५५ मध्ये माहुलला सुरू झाली. डार्सीला वाचवणारी बर्मा ऑइल या बर्मा-शेलची अर्धी भागीदार. इराणचा अनुभव ताजा असल्याने कंपन्यांनी २५ वर्षं राष्ट्रीयीकरण होणार नाही, अशी हमी लिहून घेतली होती. १९७६ मध्ये भारत सरकारने वाटाघाटी करून, पैसे मोजून बर्मा-शेल ताब्यात घेतली. आजची भारत पेट्रोलियम ती हीच.

आता आपलंही सरकार परदेशातल्या तेलक्षेत्रांत भागीदार आहे. ओएनजीसी विदेश ही सरकारी मालकीची कंपनी रशियात साखालिनला आहे. इराणच्या समुद्रात फर्झाद-बी हे वायूचं क्षेत्र याच कंपनीने २००८ मध्ये शोधलं. अटींवर वर्षानुवर्षं बोलणी चालली आणि २०२१ मध्ये इराणने ते काम आपल्याच कंपनीला देऊन टाकलं. आपल्याकडे त्यावर हळहळ झाली, ती समजण्यासारखी आहे. पण तेहरानच्या बाजूने कागद वाचणाऱ्याच्या डोक्यात कोणती सालं असतात, हेही आता कळावं.

लंडनने खुर्ची सोडली तेव्हा

ब्रिटिश सरकारने १९७७ पासून बीपीतला हिस्सा टप्प्याटप्प्याने विकायला काढला. शेवटची मोठी विक्री ऑक्टोबर १९८७ मध्ये होती, नेमकी शेअर बाजार कोसळला त्याच महिन्यात. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा कुवेत सरकारच्या गुंतवणूक कार्यालयाने शेअर उचलायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत त्यांच्याकडे बीपीचे २१.६ टक्के शेअर जमले. आम्ही केवळ गुंतवणूकदार आहोत, असं कुवेतचं म्हणणं होतं.

ब्रिटिश सरकारने चौकशी लावली. एका तेल उत्पादक देशाचं सरकार इतक्या मोठ्या हिश्श्याने आपल्या कंपनीत बसलं तर त्याचे राष्ट्रीय हितसंबंध कंपनीच्या निर्णयांवर पडू शकतात आणि ते ब्रिटिश जनतेच्या हिताचं नाही, असा निष्कर्ष निघाला. १९८८ मध्ये कुवेतला हिस्सा ९.९ टक्क्यांवर आणायचा हुकूम झाला, आणि कुवेतने तो पाळला.